नाट्यसहलीचा सखोल परिणाम

सोमवार, ६ जानेवारी. सकाळी ७.
आजपासून रोजनिशी. अगदी नियमित. मागच्या तीन वह्या कोऱ्या राहिल्या, त्याला परिस्थिती जबाबदार.
माझ्या सातवीला नाटक दाखवून आणलं त्याला महिना झाला. बस, तिकिटं, सगळं एका संस्थेनं दिलं. आता त्यांना अभिप्राय हवाय, मुलांवर काय परिणाम झाला म्हणून. चांगला निघाला तर सहल दरवर्षी, आणि सगळ्या शाळांचा समन्वयक मी. दुसरं आहेच कोण? मुख्याध्यापिका म्हणाल्या, मुलांना मोकळेपणानं लिहू द्या. देणारच आहे.

बुधवार, ८.
मोकळेपणानं लिहू दिलं. चुकलं.
आठ जणांना आपोआप मिटणारी खुर्ची आवडली. एकानं बसमधली शेजाऱ्याची उलटी सविस्तर लिहिलीय. आणि सव्वीस जणांनी लिहिलंय, सर झोपले होते. सव्वीस! अरे, मी डोळे मिटून संवाद ऐकत होतो. जाणकार तसेच ऐकतात. घोरत होतो म्हणे. ती दाद होती.
हिला सांगितलं. म्हणाली, मग माझं बोलणंही तुम्ही जाणकारासारखंच ऐकता वाटतं. घरात कलेची कदर नाही.
फॉर्म कपाटात. कुलूप.

शुक्रवार, १०.
नवे फॉर्म वाटले. फळ्यावर नमुना उत्तर लिहिलं. फक्त दिशा म्हणून. 'नाटकाचा माझ्या मनावर सखोल परिणाम झाला. सरांचे मार्गदर्शन मोलाचे.' फळ्यावरचं जसंच्या तसं उतरवा म्हटलं. वीस मिनिटांत चाळीस फॉर्म. गुणी मुलं.
वाचले नाहीत. चष्मा सापडत नाही. तसेच पाकिटात घालून पाठवले. लेकीला विचारलं, चष्मा पाहिलास का? (ती याच वर्गात. शाळेत मला सर म्हणते, घरी बाबा.) नाही म्हणाली. पण हसली.

बुधवार, १५. चष्मा अजून नाही. अंदाजानं लिहितोय.
संस्थेच्या बाईंचा फोन. म्हणाल्या, चाळीसही मुलांवर सारखाच परिणाम झालाय. आणि सगळ्यांनी शेवटी लिहिलंय, 'गृहपाठ: त्रिकोणाचे प्रकार, आकृतीसह.' सोळा जणांनी आकृत्याही काढल्यात.
गणिताच्या बाईंनी फळ्याचा कोपरा पुसलाच नव्हता. एखाद्याच्या वाइटावर असायचं म्हणजे किती!
आता संस्थेच्या बाई स्वतः मुलांशी बोलणार. मी वर्गाबाहेर थांबायचं.
संकल्प: यापुढं कुणावरही विश्वास ठेवायचा नाही.

सोमवार, २०.
पाऊण तास व्हरांड्यात उभा. आतून नुसतं हसणं. बाई डोळे पुसत बाहेर आल्या. भारावल्या असणार.
म्हणाल्या, सहल पुढंही चालू. मुलांनी ऑफ तासाला स्वतः नाटक बसवलंय, स्वतः लिहिलंय, यापेक्षा मोठा परिणाम कुठला? शुक्रवारी प्रयोग. मला पहिली रांग. म्हणजे समन्वयकपद जाहीर करणार. भाषण लिहायला घेतलं.
महिनाभर तालीम चाललीय आणि मला कुणी चकार शब्द बोललं नाही. सरप्राइज असेल.

शुक्रवार, २४. संध्याकाळी ६.
नाटकात मोठं माणूस एकच. पहिल्यापासून खुर्चीत झोपलेलं. त्याच्याभोवती मुलं चंद्रावर जातात, राजा निवडतात, राजाला काढून टाकतात, परत येतात. मग ते उठतं आणि विचारतं, काही कळलं का रे तुम्हाला?
हॉल हसून लोटपोट. गणिताच्या बाईंनी तर शिट्टी मारली. समन्वयकही त्याच झाल्या.
ते काम माझ्या लेकीनं केलं. नाकावर माझा चष्मा. अंगात माझा शर्ट, तो हिनं इस्त्री करून दिलेला. म्हणजे ही पण सामील! घोरणं हुबेहूब. तालीम घरीच, भिंतीपलीकडून झाली असणार. पोटच्या पोरीनं असं करावं? भाषण खिशातच राहिलं. वाईट वाटलं. खूप.
शेवटी प्रेक्षकांना फॉर्म वाटले. मला अक्षर दिसेना. लेक शेजारी येऊन बसली. बाबा, तुम्ही सांगा, मी लिहिते, म्हणाली. शाळेत असून बाबा म्हणाली.
मी म्हटलं, लिही, क्षणभरही डोळा लागला नाही.
तिनं लिहिलं. चष्मा काढून माझ्या हातात दिला. म्हणाली, खरं असेल तरच सही करा.
चष्मा लावून दोनदा वाचलं. सही केली.