नावाचा आणि मातीचा बंदोबस्त

मी, देयानिरा इनेस्त्रोसा रेंतेरिया, वय पंचावन्न, धंदा काकाओची, म्हणजे कोकोची शेती, राहणार कांदेलारिया, तागुआ नदीच्या काठी, चोको प्रांत, कोलंबिया, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही धाकाखाली न येता लिहून ठेवते. धाक घालायला माणसे येऊन गेली, ती गोष्ट वेगळी. ती पुढे येईल. गाठ फुप्फुसात आहे, डोके जागेवर आहे. नोटरी साहेब होडीने आले आहेत आणि उजेड असेतो परत जायचे म्हणून सारखे नदीकडे बघत आहेत. मलाही एका जागी बसवत नाही, कधीच बसवले नाही. अक्षर वाकडे आले असेल तिथे ते उभ्याने लिहिले असे समजावे.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. जंगलात बंडखोरांबरोबर होते तेव्हा त्याची गरज नव्हती. तिथे मेलेल्याचे बूट ज्याच्या पायात बसतील त्याचे होत.

कलम १. घर. सरकारशी तह झाल्यावर बंदूक जमा करून परत आले, तेव्हा मी स्वतः फळ्या कापून बांधलेले दोन खोल्यांचे घर माझा मुलगा एदिन्सन याला द्यावे. अट नाही. अट घालावी असे फार वाटले होते, त्याबद्दल कलम ७ पाहावे. मागचे दार पावसात फुगते, ते लाथ मारल्याशिवाय उघडत नाही.

कलम २. काकाओची जमीन निम्मी एदिन्सनला, निम्मी माझी थोरली बहीण नुबिया हिला. सहकारी संस्थेतले जे काही शिल्लक असेल ते सगळे नुबियाला. एदिन्सन अंगावर पीत होता तेव्हा मी त्याला तिच्याकडे सोपवले, कारण छावणीत तान्हे मूल ठेवायचे नाही असा संघटनेचा नियम होता. मी परत आले तेव्हा त्याला मिशा फुटलेल्या होत्या. तो नुबियाला आई म्हणतो आणि मला कमांडर. हा कबुलीजबाब नव्हे. नियम होता, मी पाळला, आणि आज पुन्हा तीच वेळ आली तर बहुधा पुन्हा पाळीन. पण तो 'कमांडर' म्हणतो तेव्हा प्रत्येक वेळी मला कुठेतरी लागते, हेही खरे आहे आणि तेही लिहून ठेवते.

कलम ३. शिवणयंत्र नुबियाला. त्यावर मी सबंध तुकडीच्या पाठपिशव्या शिवल्या आणि आता शाळेचे गणवेश शिवते. मी दोरा उलटा ओवते असे ती सात वर्षे म्हणत आली आहे, आता तिने सुलटा ओवून दाखवावा. रेडिओ फिदेलिनामावशीला. मयताची गाणी म्हणणारी या काठावर तिच्यासारखी दुसरी नाही, पण बातम्या मात्र ती दुसऱ्यांच्या घरी जाऊन ऐकते. कोयता आणि धार लावायचा दगड एदिन्सनला.

कलम ४. एलिएसेर सालासार याच्यासाठी. हा माझ्याबरोबर जंगलात होता, सध्या राजधानीत असतो, दारात पहारेकरी असतात आणि तो सभांतून युद्धाच्या गोष्टी सांगतो. पुलावरच्या लढाईच्या गोष्टीत मी 'एक धीट पोरगी' म्हणून येते. त्या दिवशी मी त्याची वरिष्ठ होते आणि तो पुलाखाली होता. त्याला मी गप्प राहण्याचा हक्क देते.

कलम ५. नाव. जंगलात माझे नाव मारिएला. ते मी निवडलेले नाही. मी जंगलात गेले त्याच्या थोडेच आधी त्या नावाची मुलगी गोळी लागून मेली होती. नाव रिकामे होते, ते मला दिले. तिला मी पाहिलेही नव्हते. माझ्यामागे ते नाव कुणालाही देऊ नये. मुलीला, तुकडीला, छावणीला, होडीला, फुटबॉलच्या संघालासुद्धा नाही. नोटरी साहेब म्हणाले, "देयानिराबाई, नाव ही मालमत्ता होत नाही. कायद्यात बसत नाही हे."

"मालमत्ता नाही, तर लोक ते मागायला माझ्या दारात कशाला येतात?"

त्यांनी कपाळ पुसले आणि म्हणाले, "लिहा तुम्ही."

कलम ६. दारात आलेल्या लोकांविषयी. गेल्या रविवारी नव्या संघटनेचा इथला म्होरक्या राउमिर दोन बंदूकवाले घेऊन आला. नवी म्हणजे झेंडा आमचा, गाणी आमची. काम मात्र नदीवरच्या होड्यांकडून आणि काकाओच्या पोत्यांमागे हप्ता उकळण्याचे. हप्ता देणाऱ्यांच्या हक्कासाठी आम्ही लढलो होतो, हे त्याला सांगून उपयोग नाही. त्याने तांदूळ, साखर आणि घडी घातलेला झेंडा टेबलावर ठेवला.

"कमांडर, डॉक्टर काय म्हणाले ते कळलं. वाईट वाटलं."

"वाटू दे. काम काय काढलंस?"

"तुमची माती आम्ही करणार. सगळा खर्च आमचा. झेंडा, बंदुकांची सलामी, वरच्या गावांतून होड्या भरभरून माणसं आणतो. आणि नव्या तुकडीला तुमचं नाव. मारिएला तुकडी."

"तुकडीत कोण?"

राउमिरने कॉफी ओतणाऱ्या एदिन्सनकडे बघितले. "कमांडरचा मुलगा पुढं उभा राहिला की पोरं आपोआप येतात. रक्त आहे शेवटी."

"हप्ता गोळा करायला रक्त कशाला लागतंय, राउमिर? पिशवी पुरते."

एक बंदूकवाला हसला, मग राउमिरचा चेहरा बघून गप्प झाला. "आजारी आहात म्हणून ऐकून घेतो," राउमिर म्हणाला. "येत्या रविवारी येतो. तोवर मुलाचं काय ते ठरवा."

झेंडा मी परत दिला. तांदूळ ठेवून घेतले.

ते गेल्यावर एदिन्सन माझ्यावर उखडला. "त्यांचं काय चुकलं? निदान ते तुला विसरले नाहीत. इथं तू कोण? खोकणारी म्हातारी. तिथं तू मारिएला आहेस."

"आणि तू कोण आहेस?"

"ते मला कुणी सांगितलंच नाही कधी," तो म्हणाला आणि कप विसळायला गेला.

या मुलाला मी चांगली ओळखते, कारण मीही अशीच गेले होते. पंधरा वर्षांची असताना आमच्या गावात एका लढवय्याची माती झाली. झेंडा होता, गाणी होती, त्याच्या आईला सगळे हात जोडत होते. सलामीच्या गोळ्या सुटल्या आणि मी त्या लोकांच्या मागे चालू लागले. स्मशान मागे पडले तरी थांबले नाही. भाषणे नंतर ऐकली, पुस्तके त्याच्याही नंतर वाचली. जमीन आमच्याकडून हिसकावलेली होती आणि लढणे बरोबर होते असे मी आजही म्हणते, कुणी माझ्या तोंडी पश्चात्ताप घालू नये. पण पाय उचलले ते त्या सलामीने. म्हणून माझ्या प्रेतावर सलामी होता कामा नये, आणि झालीच तर एदिन्सन तिथे उभा असता कामा नये. मला झोप लागत नाही ती गाठीमुळे नाही, यामुळे.

कलम ७. माती. आमच्यात रीत होती. कमांडर पडला की प्रेत लपवायचे, कारण सैन्याच्या हाती लागले तर ते चौकात मांडून फोटो काढत. लगेच पुरायचे, वर पाला पसरायचा, जागा कुणाला सांगायची नाही. ही रीत मी आता आमचाच झेंडा घेऊन फिरणाऱ्यांसाठी वापरते. मी गेले की नुबियाने रडू आवरावे, दार लावावे. तिने आणि फिदेलिनामावशीने मला आंघोळ घालावी. पेटी नको, चटई पुरे. खड्डा एदिन्सनने एकट्याने खणावा आणि मला एकट्याने न्यावे. मी आता हलकी झाले आहे. जागा फक्त त्याला ठाऊक असावी. क्रूस नको, दगड नको. त्यानंतर गावाला कळवावे आणि घरात नेहमीसारखे नऊ रात्रींचे बसणे करावे. गाणी म्हणावीत, कॉफी आणि उसाची दारू भरपूर असावी, डोमिनो खेळावा. ज्यांची मुले माझ्या हाताखाली लढताना गेली त्या आयांना पुढच्या बाकांवर बसवावे. राउमिर आला तर त्यालाही बसू द्यावे. डोमिनो त्याला येत नाही.

हे कलम मी सकाळी एदिन्सनला वाचून दाखवले.

"आणि मी त्यांना जागा दाखवली तर?" तो म्हणाला. "तू तर मेलेली असशील. कोण अडवणार मला?"

"कुणी नाही."

"मग घर काढून घे माझ्याकडून. घाल तशी अट. नोटरी येतायतच."

"नाही घालत."

"का नाही?"

त्याचे उत्तर तोंडाने देता आले नाही, म्हणून इथे देते. मी आयुष्यभर माणसांना हुकूम दिले आणि ती गेली. एदिन्सन, आज तू माझा हुकूम मानून थांबलास, तर उद्या राउमिरचा मानून जाशील. म्हणून हा हुकूम नाही. जाऊ नकोस. तू मला हवा आहेस, जिवंत, या घरात, माझ्यावर चिडलेला असलास तरी चालेल.

इथवर लिहून कागद मी त्याच्या हातात दिला. त्याने उभ्याउभ्या वाचला, टेबलावर ठेवला आणि बाहेर पडला. नुबिया म्हणाली, "गेला तो, देया. होडीकडेच गेला असणार." मी दारापर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले. नोटरी साहेबांची कॉफी निवून गेली. मी शत्रूची वाट पाहिली आहे, विमानांची पाहिली आहे, अशी कधी पाहिली नव्हती.

तो आला तेव्हा गुडघ्यापर्यंत चिखल होता. हातातले फावडे त्याने भिंतीला टेकवले.

"कुठं होतास?"

"जागा बघत होतो. नदीच्या बाजूला पाणी लागतं. मग दुसरीकडे खणून बघितलं. तिथं बरं आहे, कोरडं आहे."

"कुठं रे?"

"तुला कशाला सांगू?"

"अरे, राहायचं मला आहे तिथं!"

"फक्त मला ठाऊक असावी असं तूच लिहिलंयस ना, कमांडर?" तो म्हणाला आणि पाय धुवायला मागच्या बाजूला गेला. "मग विचारू नकोस."

सबब, जागेचा उल्लेख या मृत्युपत्रात नाही. ती मृत्युपत्र करणारीलाही माहीत नाही.

कलम ८. या सगळ्याची अंमलबजावणी नुबियाने करावी.

साक्षीदार, ज्यांना यातून काहीही मिळणार नाही आणि हे कळूनही जे आले:
प्लुतार्को मोया, होडीवाला (सही)
लेओनिला आर्रियागा, शिक्षिका (सही)
एवारिस्तो पालोमेके, सुतार (अंगठा)

मृत्युपत्र करणारी: देयानिरा इनेस्त्रोसा रेंतेरिया (सही)

ठिकाण: कांदेलारिया
तारीख: १८ जुलै २०२४, गुरुवार