बाकावरच्या दोन जागा

४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि. या वेळी ‘विशेष’ खरोखरच आहे, तेव्हा बसून वाच.

बोटीचं ठरलं. सात दिवस एकाच बोटीवर राहायचं, किनाऱ्याला लागायचंच नाही. बाकीची मंडळी दिवसातून चार वेळा पाठीवर हवेच्या टाक्या बांधून समुद्रात उड्या मारणार, तासाभरानं वर येणार, खाणार, लोळणार आणि पुन्हा उडी. मला पोहता येत नाही आणि बागेतल्या झोपाळ्यावरही मळमळतं, हे तुला नव्यानं सांगायला नको. अकरा वर्षं नवरा आपला एकटा जात होता आणि मी इथे सुखात होते. यंदा त्याला मी बरोबर हवीच आहे.

मी तिथे काय करू म्हणून विचारलं, तर म्हणतो बाकावर बस. बोटीच्या मागच्या बाजूला एक बाक असतो म्हणे आणि शेजारी फळा. फळ्यावर प्रत्येकाचा पितळी बिल्ला. पाण्यात उतरताना तो उलटा करायचा, वर आल्यावर सुलटा, म्हणजे खाली कोण राहिलं ते कळतं. त्याचा बिल्ला मी उलटसुलट करायचा. एवढ्या वर्षांच्या संसारानंतर ही माझी बढती!

हट्टी तर इतका झालाय की मी हात टेकले. आणि आळशीही. लिफ्टच्या पोटात काय काय असतं ते ठाऊक असल्यामुळे हा लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस जन्मभर जिन्यानं चढला. आता तिसऱ्या मजल्यावर यायला लिफ्ट लागते. म्हातारा झालास म्हणून चिडवलं की हसतो आणि हसता हसता खोकत बसतो.

बोटवाल्यांचे फॉर्म आलेत. आमच्या घरची रीत तुला माहीत आहे. भरायचे मी आणि सही ठोकायची त्यानं, न वाचता. पण त्याआधी तू त्याला समजावून बघ. तुझं ऐकतो तो.

लोभ आहेच. तो या वेळी पूर्ण माझ्या बाजूनं असावा.

तुझी,
धाकटी

११ मार्च

चि. धाकटीस,
अ. आ.

दोनदा फोन केला. दोन्ही वेळा तुझ्या चष्म्याच्या दुकानात काचा घासायचं यंत्र चालू होतं आणि मी हवापाण्याचं बोलून फोन ठेवून दिला. खरं तर यंत्राचं निमित्त झालं. माझीच जीभ रेटत नव्हती.

जानेवारीत तुझा पाणबुड्या माझ्याकडे आला होता. माझ्याकडे म्हणजे इस्पितळात, एक्स-रेच्या खोलीत. त्या दिवशी माझी सुट्टी असेल असं धरून आला होता, मला बघून दचकला. मी त्याला फळीला छाती टेकवून उभं केलं आणि श्वास धरायला सांगितला. आपल्याकडे जेवणं झाल्यावर श्वास धरायच्या पैजा लावून सगळ्यांना हरवायचा ना, त्याला सातपर्यंतही धरता आला नाही. फोटो मीच काढला, गं. बावीस वर्षं लोकांच्या छात्या बघतेय, मला डॉक्टरांची वाट बघावी लागली नाही.

फुप्फुसं घट्ट होत चालली आहेत, खालून वर. औषधानं वेग कमी होतो, झालेलं परत फिरत नाही. किती दिवस, हे त्यानं विचारलं. डॉक्टर दोन-तीन वर्षं म्हणाले. पाण्यात उतरणं त्याच दिवसापासून बंद.

त्यानं माझा हात धरून वचन घेतलं, की तुला तो स्वतः सांगेल. मी रोज वाट बघितली. तुझं पत्र आलं आणि कळलं, त्यानं सांगितलेलंच नाही. इस्पितळातली गोष्ट बाहेर सांगू नये, बहिणीच्या नवऱ्याची तर नाहीच. तरी सांगतेय. त्याला उतरू देऊ नकोस. तो वर येणार नाही.

तुझ्यावर ओरडायला तरी इथे ये. माझ्यावरचा लोभ आटला तरी चालेल.

तुझी,
ताई

१५ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि. पुढे काय लिहायचं ते सुचत नाही.

तुझ्यावर रागावले आहे. त्याच्यावर जास्त. आणि सगळ्यात जास्त माझ्यावर, कारण फॉर्म तुझं पत्र येण्याआधीच गेला. मी कसे फॉर्म भरते ते तू पाहिलं आहेस. चहाचा कप एका हातात, दुसऱ्या हातानं वरपासून खालपर्यंत नाही, नाही, नाही. हृदयविकार नाही. चक्कर नाही. फुप्फुसाचा आजार नाही. माझ्या हातानं, माझ्या नीटस अक्षरात! टाकायला मात्र तो स्वतः गेला. मला वाटलं, उत्साह.

त्याला अजून विचारलेलं नाही. रोज संध्याकाळी तो पाण्यात घालायचा रबरी पोशाख काढतो, पावडर लावतो, घडी घालून ठेवतो. मी स्वयंपाकघराच्या दारातून बघते. विचारलं तर तो खोटं बोलेल आणि ते मला कळेल, ते मला सोसायचं नाही. तो मरायलाच निघालाय का, ताई? आणि मला बाकावर बसवून? बिल्ला उलटा करायला?

काल बोटवाल्यांना पत्र टाकलं. आजाराचं नाव, डॉक्टर काय म्हणाले, सगळं. याला पाण्यात उतरू देऊ नका, आणि मी कळवलं हे त्याला कळू देऊ नका.

माझं काही चुकलं असलं तरी आत्ता सांगू नकोस. लोभ राहू दे.

तुझी,
धाकटी

१९ मार्च

चि. धाकटीस,
अ. आ.

चुकलं नाही. मीही तेच केलं असतं. पण कागदावर सगळं निस्तरायची तुझी ही जुनी खोड आहे. आता एकदा तोंडानं विचार.

गुरुवारी तो पुन्हा फोटोला आला होता. स्वतःबद्दल चकार शब्द काढला नाही. बोट लागू नये म्हणून कुठली गोळी चांगली, एवढंच विचारलं. तुझ्यासाठी. सोबत इस्पितळाचा फॉर्म ठेवला आहे, पुढचे उपचार सुरू करायला तो लागतो.

माझं प्रेम तुम्हा दोघांवर सारखंच आहे, कमीजास्त करता येत नाही.

तुझी,
ताई

२९ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आल्यावर चार वेळा तोंड उघडलं आणि चारही वेळा भाजी काय करू असं विचारलं. तेवढ्यात बोटवाल्यांचं उत्तर आलं. पाकीट त्यानं फोडलं.

त्यांनी आमचा फॉर्म परत पाठवला आहे. फॉर्मवर नावापुढे एक रकाना होता. माझ्यापुढे मी ‘न उतरणारी’ लिहिलं होतं, त्याच्यापुढे ‘उतरणारा’. त्यातला ‘उतरणारा’ खोडलेला आहे आणि वर त्याच्या वेड्यावाकड्या अक्षरात ‘न उतरणारा’ आहे. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा त्यानं सही करण्याआधी वाचलं होतं. फुप्फुसाच्या ओळीवरचं माझं ‘नाही’ तेवढं त्यानं तसंच ठेवलं. ते खोडलं असतं तर बोटीवर घेतलंच नसतं.

आणि आता घेणार नाहीतच. बोटवाल्यांनी सभ्य भाषेत लिहिलंय, की किनारा दिवसभराच्या अंतरावर, बोटीवर डॉक्टर नाही, असा रुग्ण नुसता बसायला म्हणूनही नेता येत नाही. वेळेवर कळवल्याबद्दल माझे आभार मानले आहेत.

त्याला एकदा फक्त तिथे बसायचं होतं, ताई. दुसरे उतरताना, वर येताना बघायचं होतं. एकट्यानं ते झालं नसतं, म्हणून मी हवी होते. आणि मला तिथेच सांगणार होता, तिसऱ्या दिवशी. पहिले दोन दिवस मला बोट लागणार हे त्यानं धरलंच होतं. हे सगळं तो मला भांडी पुसता पुसता, थांबून थांबून म्हणाला. दोन वाक्यांच्या मध्ये त्याला दम घ्यावा लागतो. हे मला आधी कसं दिसलं नाही? दिवसभर लोकांच्या नजरेच्या काचा घासते मी!

ओरडला असता तर बरं झालं असतं. उलट म्हणाला, जाऊ दे, तुला त्रासच झाला असता. मग आत जाऊन निजला. मी ओट्याशी बसून इतकी रडले की शेजारीण विचारायला आली. मी त्याला वाचवायला गेले, ताई, आणि जिथे त्याला बसायचं होतं तेवढी जागाही काढून घेतली. दुसऱ्या बोटींना लिहू का म्हटलं, तर नको म्हणाला. सकाळी रबरी पोशाख त्याच्या पाणबुड्यांच्या क्लबातल्या कुणाला तरी देऊन आला. येताना लिफ्टनं आला. मी दार उघडून उभी होते.

तू पाठवलेला इस्पितळाचा फॉर्म काल भरला. चहा बाजूला ठेवला आणि एकेक प्रश्न त्याला मोठ्यानं वाचून दाखवला. तो उत्तर देईपर्यंत पेन टेकवायचं नाही असं ठरवलं होतं. फुप्फुसाची ओळ मी दोनदा वाचली. मग तो हो म्हणाला आणि मी ‘हो’ लिहिलं. सहीसाठी कागद पुढे केला, तर म्हणाला, तू वाचलंस ना, मग मी काय वाचू.

सोमवारी त्याला घेऊन येते. तुझ्या खोलीच्या बाहेर बाक आहे ना, तिथे मला बसू दे.

माझ्यावर असो नसो, त्याच्यावर लोभ असावा.

तुझी,
धाकटी