कुठल्या पानावर अडलास?

आई, तू न पाहिलेल्या तुझ्या नातीला आज मी तुझंच वाक्य ऐकवलं आणि तोंडावर पडलो. मायक्रोकंट्रोलरची चिप, वायरी आणि एक इवलासा दिवा टेबलावर मांडून ती बसली होती. दिवा काही लागेना. तिने हाक मारली, तर मी सोफ्यावरून न हलताच म्हणालो, "कुठल्या पानावर अडलीस?" ती वैतागली. "अरे बाबा, चिपच्या डेटाशीटची सगळी पानं वाचलीयत मी. तू फक्त इथे येऊन बस ना!" मी जाऊन बसलो. दिवा तिचा तिनेच लावला. तेव्हापासून तू डोक्यातून जात नाहीस.

भाईंदर पश्चिमेचं आपलं तेव्हाचं स्वयंपाकघर. लिफ्टचे कंट्रोल बोर्ड बनवणाऱ्या गाळ्यातून तू नुकतीच आली आहेस, कुकर लावतेयस, आणि मी ओट्यापाशी रडकुंडीला आलोय. बटण दाबलं की दिवा लागायचा सोडून माझा प्रोग्रॅम पुन्हा पहिल्यापासून सुरू होतोय. दुपारभर कोड उलटापालटा करून झालाय. पण तुझा कायदा कडक: आधी डेटाशीट, म्हणजे चिपचं माहितीपुस्तक वाचायचं, मग प्रश्न, आणि प्रश्नही पान सांगूनच विचारायचा. मी चिडून पानं उलटली. चिपच्या आकृतीतच लिहिलं होतं, मी बटण जोडलेली पिन मुळात रीसेटची होती. "काखेत कळसा नि गावाला वळसा," म्हणत तू हसलीस आणि कुकर उघडून पहिला वाफाळता भात मला वाढलास. आधी वाचायच्या त्या सवयीवर मी आजवर नोकरी केली, लोकांत भावही खाल्ला.

मग तू आजारी पडलीस, आणि मी तुझी फाइलही तशीच वाचायला घेतली. रिपोर्ट, औषधांच्या खोक्यांतली बारीक अक्षरांची पत्रकं, काही सोडलं नाही. तुझ्या खाटेशेजारी बसून मान खाली घालून वाचत राहायचो. डॉक्टरांना असे प्रश्न विचारायचो की तेही चमकायचे, आणि मला त्याचा अभिमान वाटायचा. आता लाज वाटते. एका दुपारी तू उशीवरून माझ्याकडे बघत विचारलंस, "कुठल्या पानावर अडलास रे?" मी म्हणालो, "कुठेच नाही. सगळं कळलंय मला." तू नुसतं "बरं" म्हणालीस आणि भिंतीकडे कूस वळवलीस. दुखतंय का गं, भीती वाटतेय का, हे नर्स रोज विचारायची. मी एकदाही विचारलं नाही. फाइल बाजूला ठेवून तुझा हात धरायला कुणी नको म्हटलं होतं?

हे पत्र पाठवणार तरी कुठे? पोरीच्या वायरींच्या डब्यात तळाशी ठेवून देईन. पण त्या दुपारी मी खोटं बोललो, आई. मी पहिल्याच पानावर अडलो होतो, जिथे तुझं नाव आणि वय लिहिलं होतं.