गोटीच्या डोळ्याचा बिबट्या

२९ सप्टेंबर १९९२, मंगळवार

शनिवारी लिहिलं होतं की संग्रहालयातल्या बिबट्याच्या कपाळाला कुणी लाल शाई फासली. चूक. शेंदूर आहे. ओल्या कापसाने पुसला, तर मिशीचे दोन केस हातात आले. कागदात बांधून कपाटात ठेवलेत. फेकायचे तरी कसे?

संग्रहालयाचे प्रमुख सुधाकर सर म्हणाले, "पुसत बसू नकोस, वासंती. पुढच्या महिन्यात समिती येतेय. माणसं फिरकत नाहीत म्हणून संग्रहालय बंद करायचं घाटतंय." म्हणजे पक्षी, साप, भुंगे गोदामात. आणि मी घरी.

१ ऑक्टोबर

शेंदूर लावणारी सापडली — रांध्याच्या पाड्यावरच्या कमळाबाई. रीतसर तिकीट काढून येतात आणि बिबट्यापुढे तांदूळ ठेवतात. त्यांचा वाघदेव आहे तो. वाघबारस, म्हणजे त्याच्या पूजेचा दिवस, जवळ आलीय म्हणे.

मी म्हटलं, "अहो, याच्यात पेंढा भरलाय. एक डोळा तर गोटीचा आहे."

"माझ्या सासऱ्याचा पण एक डोळा खोटा होता बाय. त्याला सगळं दिसायचं."



७ ऑक्टोबर

आज कमळाबाईंबरोबर आणखी बायका. दाराशी चपलांची रांग. एकीच्या हातातून कोंबडी सुटली, पक्ष्यांच्या उघड्या कपाटात शिरली आणि ससाण्याशेजारी गप्प उभी राहिली. गलोंडा गावच्या कारखान्यातले सुकदेवभाऊ पोरांना दाखवत होते — "हे बघा, ही एकच नीट भरलीय."

तेवढ्यात ती ओरडली. सुकदेवभाऊ पोरांच्या आधी बाहेर.

९ ऑक्टोबर

वाघदेवासाठी आलेली माणसं प्रेक्षक म्हणून धरायची का? चौथीपर्यंत बाबांनीच घरी शिकवलं मला. त्यांचा एकच धडा — दिसलं तेवढंच सांगायचं. सरांना विचारलं.

"त्या बायका बघतात काय?"

"बिबट्या."

"मग आपण तो बघायलाच ठेवलाय ना?"

पटलं नाही. समितीने विचारलं तर खरं सांगणार, म्हटलं. सरांनी कपाळाला हात लावला.

१५ ऑक्टोबर, गुरुवार

समिती आली. दारातल्या चपला बघून अध्यक्षांना वाटलं, इथला नियमच असेल. बूट काढले. पायमोज्यातून अंगठा बाहेर. कमळाबाई खूश — "या साहेब, हात जोडा." त्यांनी जोडले!

मग मला विचारलं, "लोक इथे कशासाठी येतात?"

सांगितलं. शेंदूर, तांदूळ, कोंबडी — सगळं. सर खिडकीबाहेर बघत होते. अध्यक्ष एवढंच म्हणाले, "कळवतो."



२० ऑक्टोबर, मंगळवार

संग्रहालय चालू राहणार! अट एकच — कोंबडी आत आणायची नाही.

त्या दिवशी एक गोष्ट लिहायची राहिली. साहेब बूट घालत होते तेव्हा मी बिबट्याच्या कानाशी म्हटलं होतं — एवढं वाचव, नारळ देईन. बाबांना काय सांगू? घडलं तेवढंच.

गुरुवार, २२ ऑक्टोबर. वाघबारस. दार उघडल्या उघडल्या नारळ द्यायचा.

आधी तिकीट काढायचं.