मामाच्या वजनाचा काटा

३ मार्च

ती. मामास,
टिटवीचा सा. न. वि. वि.

तू दुकानातून पाठवलेला वजनकाटा गेल्या महिन्यातच पोचला. पलंगाशेजारी ठेवलाय. पहिल्याच दिवशी त्याने माझा नक्षा उतरवला, चार किलो वाढलेय म्हणे! पुढच्या महिन्यात तलावावर पोहण्याची शिक्षिका म्हणून मला कायम करणार, आणि मी अशी? म्हणून सकाळी लिंबूपाणी, दुपारी काकडी, रात्री काही नाही. खोलीतली मैत्रीण चिडवते, पण काटा तरी खरं बोलतो.

मामी अजून ताईच्या बाळंतपणातच का? तुझ्या जेवणाचं काय?

आहे तसाच जीव लावत राहा.
तुझी टिटवी

१२ मार्च

चि. टिटवीस अनेक आशीर्वाद.

मामी तिकडेच आहे. माझं चहापावावर झकास चाललंय. फक्त कमरेचा पट्टा सैल पडलाय, चामडं ताणलं असणार.

काट्यावर शंका नको, तो मी जातीने लावलाय. दुकानातली प्रमाणित वजनं उचलून कंबर कोण मोडून घेणार? लग्नापासून मी बहात्तर किलो. काट्यावर उभं राहायचं, सुई बहात्तरावर आणायची, की काटा तयार.

पण पोरी, एरवी तुझं पत्र म्हणजे पानभर खाणं. या वेळी सगळ्या पत्रात एक काकडी, आणि अक्षरही लटपटतंय. पोरांना घेऊन पाण्यात उतरतेस, डॉक्टरला दाखव. तू ऐकायची नाहीस, म्हणून मैत्रिणीलाही चिठ्ठी टाकलीय.

रागाव हवं तर, पण जेवून रागाव.
तुझा मामा

२० मार्च

ती. मामास सा. न. वि. वि.

तुझी चिठ्ठी पोचायच्या आत मी पडले. नशीब, तलावाच्या काठावर. पोरं अजून पायऱ्यांवरच होती. हातात एखादं पोर असतं तर, हा विचार डोक्यातून जात नाही.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नाडी मंद आहे आणि मधेच चुकते, रक्तातले क्षार उतरलेत, असंच चाललं असतं तर हृदयावर बेतलं असतं. केसही त्यामुळेच गळतायत. बाकीचं मामीला वेगळं लिहिते. आता खाणं वाढवायचं, पण बेताबेताने, त्यांच्या देखरेखीखाली.

आणि मामा, त्यांच्या काट्यावर मी तुझ्या काट्यापेक्षा चार किलो कमी भरले! म्हणजे मी वाढलेच नव्हते. घरचा काटा कसा लावला ते सांगितल्यावर बाई आधी हसल्या. मग म्हणाल्या, काटा खरा असता तरी असं उपाशी राहणं चूकच. आणि मामांनाही घेऊन या.

पोर शहाणी झाली असं समजून माया करावी.
टिटवी

२७ मार्च

चि. टिटवीस अनेक आशीर्वाद.

मामी परवा आली. मला बघून दारातच थबकली, हातातली पिशवी खाली ठेवायची विसरली. मग प्रमाणित वजनं स्वतः उचलून काटा तपासला आणि मला त्यावर चढवलं. अडुसष्ट! चामडं ताणलं नव्हतं, मामाच आटला होता. आपण दोघांनी एकाच वेळी उपास केला, तू हट्टाने आणि मी आळसाने. चूक माझी, आणि पडलीस तू. हे मनातून जायला वेळ लागेल.

या दोन महिन्यांत विकलेले सगळे काटे परत मागवतोय. बटाट्याचा व्यापारी तेवढा देत नाही. इतका गुणी काटा जन्मात मिळाला नाही म्हणतो.

रविवारी आम्ही येतोय. डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय तेवढंच, पण मामा-भाचीने समोरासमोर बसून जेवायचं, असा मामीचा हुकूम आहे. तोवर काट्यावर कुंडी ठेव.

लोभ आहेच, तो कुठल्याही काट्यावर तोलू नकोस.

तुझा, आजच्या तारखेला एकोणसत्तर किलोचा,
मामा