एका गाडीपुरती जागा

दादर,
मंगळवार

प्रिय उर्वी,

पत्र बघून घाबरू नकोस. आईची शुगर ठीक आहे आणि मीही धडधाकट आहे. रोज फोनवर बोलणारा बाप एकदम पत्र का लिहायला बसला, असं तुला वाटेल. फोनवर मला खोटं बोलता येतं, म्हणून लिहितोय. रविवारी तू विचारलंस, पप्पा, हिरवी कशी आहे? मी म्हटलं, मजेत आहे. ती मजेत नाही.

गिरगावच्या नव्या जागेचा ताबा पुढच्या महिन्यात मिळतोय. बाविसावा मजला. खिडकीतून खोताच्या वाडीची कौलं दिसतात. आई ओट्याची उंची तीनदा मोजून आली, इतकी खूश आहे. जुन्या इमारतीमागे आपली पत्र्याची दोन गॅरेजं होती. टॉवरमध्ये मात्र एका सभासदाला एकाच गाडीची जागा, तीही लोखंडी पाळण्यातून वर चढवायची. शनिवारच्या आत सोसायटीला एका गाडीचा नंबर लिहून द्यायचा आहे. बांधकामाची सगळी वर्षं दोन्ही गाड्या लालबागला सीताराम मेस्त्रीच्या गाळ्यात होत्या, पण तोही आता गाळा सोडून देवगडला चाललाय. म्हणजे आपली जुनी हिरवी गाडी ठेवायची की विहंगची पिवळी, एवढाच प्रश्न.

पिवळी तू पाहिली आहेसच. परदेशी, दोन सीटची, जमिनीला पोट टेकेल अशी. विहंग दुबईला जायच्या आदल्या वर्षी हौसेनं घेऊन ठेवली. वर्षातून दहा दिवस येतो, एकदा वरळीपर्यंत नेतो आणि परत आच्छादन घालतो. स्पीडब्रेकर आला की मला उतरून खाली वाकून बघावं लागतं, या वयात! तरी तो फोनवर म्हणाला, पप्पा, यात विचार काय करायचा, ती जुनी काढून टाका. आणि मी हो म्हणून बसलो. तुझी आई म्हणते ते खरं आहे. त्याच्यासमोर माझ्या तोंडातून हो आधी निघतं आणि डोकं नंतर चालू होतं.

सीतारामला सांगितलं तेव्हा त्यानं हातातला पाना खाली ठेवला आणि विचारलं, सायबानू, चेडवाक इचारलात? मी म्हटलं, विचारेन मुलीला. त्या दिवशी त्यानं मला चहा विचारला नाही. तीस वर्षांत पहिल्यांदा.

कसं विचारणार होतो तुला? ग्रँट रोडच्या त्या पारशी म्हाताऱ्याकडून हिरवी टेम्पोत घालून आणली तेव्हा तू बारा वर्षांची होतीस. टपाच्या कापडाला उंदरांनी भोकं पाडलेली, इंजिन जाम. लोक हसले. रविवार आला की आपण दोघं मागच्या गॅरेजमध्ये. माझा पंजा जिथे शिरत नसे तिथे तुझा हात जायचा आणि तू डोळे मिटून नट शोधायचीस. मनगटावरचा भाजल्याचा डाग त्यातलाच. आई ओरडली, तेव्हा कढईला हात लागला म्हणून तू सांगितलंस. विहंग तेव्हा गच्चीत क्रिकेट खेळत असायचा, आणि त्याला मी कधी बोलावलंही नाही, हे खरं. गाडी चालू व्हायला चार वर्षं लागली. ती आपल्या दोघांची होती, उर्वी. मी तसं कधी चारचौघांत म्हटलं नाही.

दसऱ्याचं मला रोज आठवतं हल्ली. सकाळी तू गाडी धुवायचीस, झेंडूचा हार ओवायचीस, चाकाखाली लिंबं ठेवायचीस. मग नारळ फुटला की मी चावी विहंगच्या हातात द्यायचो, कारण आपल्याकडे पहिली फेरी घरचा मुलगा मारतो. कुणी ठरवलं होतं? माझ्या वडिलांनी, त्यांच्या वडिलांनी, कुणास ठाऊक. एका वर्षी त्यानं ती प्रार्थना समाजच्या सिग्नलला बंद पाडली. त्याला चोक कसा ओढायचा हेच माहीत नव्हतं. तू नवा ड्रेस घालून धावत आलीस, बॉनेट उघडलंस, दोन मिनिटांत चालू करून दिलीस. मी म्हटलं, शाब्बास, आता त्याला जाऊ दे. सीट दोनच. मी आणि विहंग चौपाटीला गेलो आणि तू काळ्या हातांनी चालत घरी आलीस. त्याबद्दल तू कधी चकार शब्द काढला नाहीस, म्हणून मी समजत राहिलो की तुला काही वाटलं नाही.

इंजिनिअर झालीस तेव्हा आनंदाच्या भरात मी हिरवी तुझ्या नावावर केली. पेढे वाटले, फोटो काढले आणि चावी माझ्याच खिशात ठेवली. तळेगावला घर झाल्यावर तू दोनदा म्हणालीस, शेड बांधलीय, पाठवता का? दोन्ही वेळा मी हसण्यावारी नेलं. गाडी माहेरीच बरी, म्हटलं. खरं कारण, विहंगला काय वाटेल. तुला काय वाटेल हा विचार मी कधी केलाच नाही, कारण तू समजून घेणारी. समजून घेणाऱ्या मुलीवर बाप किती अन्याय करू शकतो, ते मी स्वतःवरून सांगतो.

आता जे सांगायचं ते सांगतो. कफ परेडच्या एका गृहस्थांशी मी हिरवीचा सौदा केलाय. गाडी तुझ्या नावावर, म्हणून कागदांवर तुझी सही लागत होती. ती मी केली. विजेच्या बिलाच्या मागे सराव करत होतो तेव्हा आई मागे येऊन उभी राहिली. म्हणाली, ती सहीखाली रेघ ओढते. आणि आत निघून गेली. लाज अशी की मी ती रेघही ओढली. कुरियरवाला म्हणतो, पत्र तुला उद्या मिळेल. परवा, गुरुवारी अकरा वाजता एजंट येणार आहे. तेव्हा तुझ्या मोबाइलवर एक ओटीपी येईल, आणि तो मिळाल्याशिवाय गाडी दुसऱ्याच्या नावावर होत नाही. मी ठरवलं होतं, तुला फोन करायचा आणि गॅसच्या कामासाठी हवाय म्हणून सांगायचं. तू एका शब्दानं न विचारता सांगितला असतास, हे मला माहीत आहे. विहंग बुधवारी रात्री येतोय. तो शेजारी बसला की मी तुला फोन करीन, मी स्वतःला ओळखतो. तेव्हा मी कितीही गोड बोललो तरी तो नंबर मला सांगू नकोस. विहंगला नाही म्हणायचं माझं काम होतं, तेही तुझ्याकडूनच करून घेतोय.

तुझाच, तुझ्यासमोर यायला तोंड नसलेला,
पप्पा