छत्रीखाली व्हा

॥ श्री ॥
बडा गणपती, इंदूर
ता. २४ मे १९५३

ती. सौ. शशिकलाताईस अच्युतचा शि. सा. न. वि. वि.

दिवाकरभावोजी पुण्याहून सुखरूप पोचले. सासूबाईंच्या दुखण्यापायी तू आली नाहीस, म्हणून त्यांना पोहे-जलेबीवर टोकणारं इथे कुणी नाही.

माझ्या विजेच्या फोटोंचं वेड त्यांनाही लागलंय. सध्या रोज दुपारनंतर बेटम्याकडे आंधी उठते. परवा तर एका फटक्यात लिंबाचं झाड उभं चिरलं, खालच्या म्हशी जागच्या जागी खलास. त्या माळावर कुणा होळकरी सरदाराची दगडी छत्री आहे, बाकी सगळं मोकळं मैदान. कॅमेरा तिपाईवर लावायचा, शटर उघडं ठेवायचं आणि वीज पडायची वाट बघायची, बस. कॅमेरा भिजू नये म्हणून वर आपला छाता धरायची ड्यूटी भावोजींनी मागून घेतली आहे. तू नाहक घाबरू नकोस.

लोभ आहेच, तो रागावतानाही असू दे.
तुझा अच्युत

॥ श्री ॥
पुणे, ता. २८ मे

चि. अच्युत यास अनेक आशीर्वाद.

तुझं वेड तुला लखलाभ, त्यांना त्यात ओढू नकोस. मास्तर माणूस, सांगाल ते निमूट करतात. पाणी भरा म्हटलं तर हंडा ओसंडला तरी भरत राहतील! नेलंसच तर ढग डोक्यावर यायच्या आत आडोशाला पाठव. मला ते धड परत हवेत, ही जबाबदारी तुझी.

सगळ्यांना नमस्कार. माया आहेच.
सौ. ताई

इंदूर, ता. ६ जून

ती. ताईस,

तार मिळालीच असेल. काय लिहू?

ढग बघता बघता डोक्यावर आले. आधी धूळ, मग लिंबाएवढ्या गारा. वीज चहूकडून कोसळत होती, जमीन पायाखाली हादरत होती. बॅग ठेवायला मी छत्रीत धावलो होतो, भावोजी कॅमेऱ्यापाशी होते. वाऱ्यामुळे त्यांनी छाता मिटून हातात धरलेला. मी ओरडलो, "भावोजी, सगळं टाका, छत्रीखाली व्हा!" त्यांनी ऐकलं, मान हलवली, आणि छाता उघडून तिथेच उभे राहिले. मी पुन्हा तेच ओरडलो. त्यांनी छाता दोन्ही हातांनी घट्ट धरला. तेवढ्यात पांढरा लोळ आला. मी पोचलो तेव्हा कोट जळत होता.

का नाही ऐकलं गं त्यांनी? धावत आले असते तर वाचले असते. ताई, मी गेलेल्या माणसावर चिडतोय. अस्थी घेऊन आपले नाना निघाले आहेत. मला तुझ्यासमोर यायची हिंमत नाही.
अच्युत

पुणे, ता. १२ जून

चि. अच्युत यास,

नाना पोचले.

अरे, इथे छाता म्हणत नाहीत. पुण्यात छात्यालाच छत्री म्हणतात. लग्नानंतर पहिल्या पावसाळ्यात मी छाता मागितला, तर महिनाभर ते मला छातेवाली म्हणून चिडवत होते. त्या दगडी छत्रीला ते समाधी म्हणाले असते. तू छत्रीखाली व्हा म्हणालास, त्यांनी हातातली उघडली. पुन्हा ओरडलास, त्यांनी आणखी घट्ट धरली.

हे तुला कळवूच नये असं वाटलं होतं. पण तू त्यांच्यावर चिडून राहावंस, हे मला सोसणार नाही. त्यांनी तुझं ऐकलं, अच्युत.

राग माझा आहे, आणि तो तुझ्यावर आहे. तो पत्रात मावत नाही. समोर ये.
ताई